राजश्री वसतिगृहातल्या नऊ कड्या

१

सोमवारी सकाळी सत्यमचा फोन आला तेव्हा हणमंतरावांची दाढी अर्ध्यात होती. एका गालाला साबण, दुसरा गाल मोकळा.

"काका, ताबडतोब या. वसतिगृहात चोरी झाली."

काय गेलं असं विचारलं तर पोरगा घुटमळला. "कड्या गेल्या," म्हणाला. "दारांच्या. नऊच्या नऊ."

फौजदार म्हणून निवृत्त होऊन हणमंतरावांना बारा वर्षं झाली होती. नोकरीत त्यांनी म्हशी चोरणारे पाहिले, देवळातली घंटा पळवणारे पाहिले, एकदा तर अख्खा हातपंप उपटून नेणारा इसम त्यांनी पकडला होता. पण दारं जागेवर ठेवून नुसत्या कड्या नेणारा चोर त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी घाईघाईनं तोंड धुतलं आणि चपला घातल्या.

लातूरची ती औसा रोडमागची गल्ली म्हणजे सगळी पोरापोरींच्या जिवावर चाललेली. खाली झेरॉक्स, वर क्लास, त्याच्यावर खाणावळ, आणि भिंतीभिंतीवर डॉक्टर होऊ घातलेल्यांचे फोटो. तिथंच राजश्री मुलींचं वसतिगृह. खाली सत्यमचं बिऱ्हाड आणि स्वयंपाकघर, वर तीन मजले, मजल्याला तीन खोल्या, खोलीत दोन मुली. रविवारी दुपारी एक ते चार सगळ्या पोरी क्लासच्या टेस्टला जातात. कालही गेल्या. परत येऊन बघतात तर एकाही दाराला आतून कडी नाही.

"बाहेरच्या कड्यांना हात न्हाई लावलेला, काका," सत्यम म्हणाला. बत्तिसाव्या वर्षीच त्याचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. "फकस्त आतल्या नेल्या. म्हणजे पोरींना आतून दार लावता येऊ नये. ह्याचा अर्थ काय होतो, ते मी तुमाला सांगायला पाहिजे का?"

सांगायला नको होतं. रात्रभर पोरी दाराला टेबल लावून जाग्या होत्या. आठ जणींच्या घरून फोन आले होते. बिलोलीचे शेषेराव, सृष्टीचे वडील, दहाच्या एसटीनं निघणार होते.

"चार वाजता पोचतील ते. मी त्यांना जबान दिलीय, चारच्या आत माणूस पोलिसांच्या हवाली करतो."

"कोणता माणूस?"

"गुरम्मा. दुसरं कोण? किल्ल्या तिच्याच कमरेला असतात."

गुरम्मा ही निलंग्याकडची बाई. सात वर्षं खाणावळ आणि खोल्या तीच सांभाळत होती. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून हाक आली.

"हणमंता, आलास? च्या घेतला का?"

ते किशनराव, सत्यमचे वडील. हणमंतराव आणि ते एका गावचे, औसा तालुक्यातले, शाळेत एका बाकावर बसलेले. तीन वर्षांपासून त्यांचं डोकं त्यांना सोडून चाललं होतं. आधी चष्मा सापडेना, मग शब्द सापडेनात, मग स्वतःची गल्ली सापडेना. घरातलं काहीही, रद्दी म्हणा, बटाटे म्हणा, पिशवीत भरून दोन गल्ल्या पलीकडं हणमंतरावांच्या कट्ट्यावर आणून द्यायचे आणि "जमा करून घे" म्हणायचे. कालही काहीतरी देऊन गेले होते. दोस्ताचं मन राखायचं म्हणून हणमंतराव घ्यायचे, पावती लिहून दिल्यासारखं करायचे आणि मग कधीतरी सत्यमकडं पोचतं करायचे.

"घेतला च्या," हणमंतराव म्हणाले.

"बरं. च्या घेतला का?"

दोनदा किशनराव बसस्टँडवर जाऊन गावच्या गाडीत बसले होते. दुसऱ्या वेळी औशाच्या पुढं भर उन्हात रस्त्यानं चालताना सापडले, एक पाय अनवाणी. त्या दिवशी सत्यमनं जिन्याखालची खोली रिकामी केली आणि तिला बाहेरून लोखंडी कडी बसवली. "आता एक जरी भानगड केली ना काका, तर बापूंना आत ठेवणार," असं तो सरळ म्हणाला होता. तो वाईट पोरगा नव्हता, थकलेला होता. पण किशनरावांनी ती खोली पाहिली होती. डोकं ठिकाणावर असलेल्या एका दुपारी त्यांनी हणमंतरावांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "काय बी होऊ दे, मला कोंडू देऊ नको." हणमंतरावांनी शब्द दिला होता.

२

गुंडप्पा सुतार जिन्यात बसून वाट बघत होता. नवीन कड्या बसवायला त्याला बोलावलं होतं, आणि सत्यमला त्याचाही संशय होताच, कारण काम परत त्यालाच मिळणार होतं. दहा वर्षांपूर्वी बिदरकडून लातुरात आलेला माणूस, ह्या जुन्या कड्याही त्यानंच ठोकल्या होत्या.

"काल कुठं होतास?" हणमंतरावांनी विचारलं.

"सकाळधरनं गणपतीच्या मांडवात. तीनशे माणसांत बसलो होतो, कुनालाबी इचारा." त्याला राग आलेला दिसत होता. "माझ्यावर आळ घालता, तर आधी दार तरी बगा. या."

त्यानं पहिल्या मजल्यावरच्या पहिल्याच दाराशी त्यांना उभं केलं.

"फोडून नेली का? न्हाई. स्क्रू पिळून काढलेत. पन पेचकसानं न्हाई. ह्यो लाकडावरचा ओरखडा बगा, गोल गोल गेलाय. चमच्याच्या दांडीनं काढलंय कुनीतरी. सुताराला एका दाराला दोन मिंटं लागतात. ह्या माणसानं पंधरा-पंधरा घातली असतील, हात सालपटून घेतले असतील."

"बरं मग?"

"आता हे बगा." गुंडप्पानं चौकटीवर बोट ठेवलं. कडी गेली होती, पण चारही स्क्रू आपापल्या भोकात परत घालून ठेवले होते. नुसते बोटानं, सैल. "नऊच्या नऊ दारांला असंच हाय. पोरींच्या पायात जाऊ नयेत म्हनून. साहेब, चोर असलं करत न्हाई. असलं घरचा माणूस करतो."

हणमंतरावांनी चारी स्क्रूंकडं पाहिलं. त्यांना ते वाक्य आवडलं नाही.

३

सृष्टी खोलीत पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. सतरा-अठराची असेल. डोळे जागरणानं लाल.

"आजोबा, माझं काहीच गेलं न्हाई," ती म्हणाली. "मोबाईल हाय, घड्याळ हाय. कुणाचंच काही गेलं न्हाई."

"कपाट उचकटलं, पलंग हलवला, असं काही?"

"न्हाई. एक हाय, पण ते फालतू हाय."

"फालतूच सांग."

तिनं उशाजवळच्या फळीकडं बोट केलं. "आमची भांडी कुणीतरी एकावर एक लावून ठेवली होती. ताटली, तिच्यावर ग्लास पालथा, त्याच्यावर दुसरा ग्लास, वर वाटी. मी बॅग टाकली अन् सगळं धाडकन खाली आलं. सगळ्यांच्या रूममधी तसंच होतं. सत्यमदादा म्हणले, करणी-बिरणीचा प्रकार असेल, उचलून टाका."

"सगळं उचललं?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या दोघी शनिवारीच गावाकडं गेल्यात. तिथलं असेल तसंच."

हणमंतराव गुडघे धरत तिसऱ्या मजल्यावर गेले. दार लोटलं. उशाच्या फळीवर ताटली, तिच्यावर पालथा ग्लास, त्यावर ग्लास, वर वाटी. उभं होतं सगळं, श्वास रोखून बघावं असं. ते पलंगाच्या कडेवर बसले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात असं एक घर नव्हतं जिथं उशाला हे रचून ठेवत नव्हते. रोज कुठं ना कुठं हादरा बसायचा. माणसाला झोप लागली तर कळावं कसं? म्हणून भांड्यावर भांडं. जमीन जराशी हलली की वाटी पडायची, आवाज व्हायचा, आणि पोरंबाळं काखोटीला मारून लोक बाहेर पळायचे. कित्येक महिने हेच. नंतर हळूहळू भीती गेली, भांडी मांडणीवर परत गेली, आणि चोवीस वर्षांत लोक ती गोष्ट विसरलेही.

आता हिशेब फार सोपा होता, आणि म्हणूनच हणमंतरावांना तो करावासा वाटत नव्हता. ह्या पोरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. गुंडप्पा तेव्हा बिदरकडं. सत्यम आठ वर्षांचा होता, त्याला दुसऱ्याच दिवशी मामानं उमरीला नेलं ते दोन वर्षांनी आणलं. म्हणजे ह्या इमारतीत ही भांडी रचू शकणारी दोनच माणसं उरली. एक स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. दुसरं दारातल्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाचं विचारत होतं.

४

गुरम्मानं त्यांच्याकडं न बघताच भाकरी तव्यावर टाकली.

"इचारू नका साहेब. मीच नेल्या म्हना आन् सोडा."

"कड्या तू नेल्यास. बरं. मग ग्लासावर ग्लास कुणी ठेवले?"

तिचा हात थांबला.

"आमी पन ठेवत होतो निलंग्यात," ती म्हणाली. "माझी सासू तर दुपारची निजली तरी ठेवायची."

मग तिनं सांगितलं. दर रविवारी पोरी टेस्टला गेल्या की बापू किल्ल्या मागायचे. वर जायचे, खोल्या बघायचे, पलंग मोजायचे, खाली यायचे. कुणाचं काय जातंय म्हणून ती द्यायची. काल गल्लीत ढोल-ताशेवाल्यांची तालीम चालली होती, गणपती उठायच्या, विसर्जनाच्या मिरवणुकीची. ते ऐकून बापू सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. वर गेले ते तीन तास आले नाहीत. ती डाळ शिजवत होती, पुढचं आवरत होती. उतरले तेव्हा बोटं सोललेली आणि हातात पिशवी.

"मग काल संध्याकाळीच का सांगितलं नाहीस?"

"सांगून?" गुरम्मानं पहिल्यांदा वर पाहिलं. "ती जिन्याखालची खोली मीच झाडली साहेब. खिडकी न्हाई तिला. मला पोलीस नेतील, दोन दिवस बसवतील, इचारतील, सोडतील. बापूला कोन सोडंल?"

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उलटली नाही.

"कड्या कुठं आहेत?" हणमंतरावांनी विचारलं.

"मला काय म्हाईत. पिशवी घेऊन भाईर गेले. पोलिसात जमा करून येतो म्हनले."

हणमंतरावांना घरी पोचायला पाच मिनिटं लागली, जिना चढायला दहा. पिशवी काल टाकली होती तिथंच, दाराच्या आड. आत वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, एकेक नीट गुंडाळलेली. त्यांनी मोजल्या. नऊ.

चोरीचा माल रात्रभर तपास करणाऱ्याच्याच घरात होता. किशनरावांच्या लेखी हणमंतराव अजून औसा ठाण्याचे जमादार होते, भूकंपाच्या सकाळी गावात पोचलेले.

ती सकाळ हणमंतरावांनी कुणाला कधी सांगितली नव्हती. आदल्या दिवशी गणपती उठले होते. राजश्री, किशनरावांची थोरली, दहावीला होती. ढोलांचा कालवा, घरात पाहुणे, म्हणून किशनरावांनीच तिला सांगितलं, कडी लाव आणि आतल्या खोलीत अभ्यास कर, तिथंच झोप. पहाटे घर बसलं. सगळं माळवद, मातीचं जड छप्पर, त्या एका चौकटीवर टेकून राहिलं. दाराच्या आत राजश्री जिवंत होती, बोलत होती. दार आत उघडणारं. कडी नसती तर हलकेच लोटून तिला ओढून काढता आलं असतं. कडी होती, आणि दाराला घाव घालावा तर वरचं सगळं खाली आलं असतं. कडीपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. हणमंतराव दहाला पोचले आणि हातांनी माती उकरत राहिले. बाराच्या सुमारास ती बोलायची थांबली.

ते पिशवी मांडीवर घेऊन बसले. विहिरीत टाकता आली असती. "बाहेरचा चोर" म्हणून एक जबाब रचता आला असता, तेवढी अक्कल खात्यानं शिकवली होती. पण चोर सापडला नाही तर गुरम्मा जाणार, आणि वसतिगृहात मुलींच्या कड्या काढणारी बाई हे नाव निलंग्यापर्यंत तिच्या मागं जाणार. गुरम्माला सोडवावं तर किशना जाणार. आपणच केलं म्हणावं, तर सत्तरीच्या म्हाताऱ्यानं पोरींच्या खोल्यांत जाऊन काय केलं हे कोण ऐकून घेईल? कुठून शिरलं तरी पुढं भिंतच होती. साडेतीन वाजले तेव्हा ते उठले, कारण बसून काही सुटत नव्हतं.

५

शेषेराव उंचेपुरे शिक्षक होते. रात्रीपासून राग धरून आले होते आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. सत्यमनं गुरम्माला समोर उभं केलं होतं. हणमंतरावांनी टेबलावर पिशवी ओतली. कड्या खणखणत पसरल्या.

"ह्या माझ्या घरी होत्या," ते म्हणाले. "आधी पुरतं ऐकून घ्या."

मग त्यांनी एकेक गोष्ट मांडली. चमच्याची दांडी. पोरींना टोचू नयेत म्हणून परत घातलेले स्क्रू. न गेलेले मोबाईल. उशाशी रचलेली भांडी, म्हणजे दार उघडं राहावं आणि जागही यावी, दोन्हीची सोय. "वाईट नजरेचा माणूस जाग येईल अशी व्यवस्था करून जात नाही," ते म्हणाले. "ज्यानं हे केलं त्याला ह्या अठरा पोरी जिवंत बाहेर काढायच्या होत्या. त्याला ढोल ऐकू आले, आणि त्याच्या डोक्यात ती रात्र सुरू झाली. तो सत्यमचा बाप." आणि मग त्यांनी राजश्रीच्या दाराचं सांगितलं.

शेषेराव खाली बसले. "आमच्याकडं बिलोलीला नुसती खिडकी वाजली होती," ते कुणाला तरी उद्देशून म्हणाले. मग उठून त्यांनी गुरम्माला हात जोडले. सृष्टीला ते घेऊन जाणार नव्हते. नव्या कड्या संध्याकाळपर्यंत लागाव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सत्यम कडीकडं बघत होता. "मला कुणी सांगितलंच न्हाई," तो म्हणाला. "ताई घर पडून गेली एवढंच म्हाईत होतं. कडीचं कुणीच बोललं न्हाई." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मग उठला आणि खिशातून कुलूप काढलं.

"सत्यम," हणमंतराव म्हणाले. "त्याला माझ्याकडं पाठव."

"तुमचा तिसरा मजला हाय, काका. तुमाला स्वतःला जिना चढवत न्हाई. पळाले तर धराल का तुमी त्यांना?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आज कड्या काढल्या. उद्या गॅसचं बटण फिरवतील, पोरींनाच वाचवायला. वर अठरा जणी हायेत. मी काय करू, तुमीच सांगा."

पोरगा बरोबर बोलत होता, हीच तर अडचण होती. तीस-पस्तीस वर्षं हणमंतरावांनी गुन्हेगार शोधून कुलपाआड घातले, आणि आज शेवटचा तपास अचूक करून बालमित्र आत घातला. गुरम्मा दारात उभी होती. स्वयंपाकघरात जाताना तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

संध्याकाळी जिन्याखालून आवाज येऊ लागला. आधी हाक, मग दारावर थापा, मग नुसतं नखांनी खरवडणं. हणमंतराव गल्लीच्या तोंडापर्यंत गेले तरी तो त्यांना ऐकू येत होता.

६

मंगळवारी सकाळी ते परत आले. दाढी पूर्ण केलेली, हातात पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा.

"सत्यम, मला आत सोड," ते म्हणाले. "आणि बाहेरून लावून घे."

"काका, काहीतरीच काय."

"सकाळी नऊला सोडायचं, संध्याकाळी सहाला काढायचं. रोज. त्याला मी शब्द दिला होता, तो मोडला. आता निदान एकटा तरी राहणार नाही."

सत्यमनं त्यांना समजवायचा प्रयत्न केला, गुडघ्यांचं सांगितलं, हवेचं सांगितलं. शेवटी त्यानं दार उघडलं. हणमंतराव वाकून आत गेले. मागं कडी सरकली, कुलूप लागलं. त्यांनी पोलीस ठाण्यात हा आवाज हजार वेळा ऐकला होता, पण कायम बाहेरून.

चाळीसचा बल्ब होता. किशनराव भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, बोटांना गुरम्मानं हळद बांधलेली. त्यांनी मान वर करून बघितलं. हणमंतरावांना वाटलं, आता शिव्या देईल. दिलेल्या बऱ्या.

किशनरावांनी त्यांचा चेहरा नीट न्याहाळला, परक्या माणसाचा न्याहाळतात तसा, आणि जरा सरकून जागा केली.

"तुमी पन अडकलात का?"

हणमंतराव खाली बसले. गुडघे दोनदा कडकडले.

"हाव," ते म्हणाले. "अडकलो."

"भिऊ नका." किशनरावांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आवाज करायचा न्हाई, दम लागतो. माझा एक दोस्त हाय, हणमंता. जमादार हाय औशाला. त्याला कळलं असंल आतापतूर. तो उकरत उकरत येतो बगा."

बाहेर कुठंतरी ढोल सुरू झाला. किशनरावांची बोटं घट्ट झाली.

"येईल ना?" त्यांनी विचारलं.

"येईल," हणमंतराव म्हणाले. "निघालाय तो."